अळंबी आणि कोंबड्यांचें आरोग्य

पावसाचे पहिले दोन आठवडे उलटले कीं अंगणाच्या कडेला, कुजक्या लांकडावर किंवा शेणाच्या ढिगापाशीं एका रात्रींत पांढऱ्या छत्र्या उभ्या राहतात. लहानपणीं आपण सर्वांनींच त्या पायानें उडविल्या असतील, आणि 'हात लावूं नको, कुत्र्याची छत्री आहे ती' असा घरच्या वडीलधाऱ्यांचा दमहि खाल्ला असेल. त्याच दिवसांत गोमंतकांत वारुळावर उगवणारी अळमी मात्र बाजारांत नगावर मोजून विकली जाते, आणि ती घरीं आली म्हणजे त्या दिवशीं मासळीची आठवण होत नाहीं. एकाच कुळांतली एक वस्तु विष आणि दुसरी पक्वान्न! या कुळाची तिसरीच एक बाजू आज श्रोत्यांपुढें मांडावयाची आहे, आणि ती खाणाऱ्या माणसाची नसून कोंबडीची आहे.

शहरांतल्या दुकानांत हल्लीं अंड्यांच्या खोक्यांवर 'नैसर्गिक आहारावर पोसलेल्या कोंबड्यांचीं', 'प्रतिजैविकें न वापरतां मिळविलेलीं' अशा अर्थाचीं वाक्यें वाचावयास मिळतात. कोंबड्यांचें खाद्य विकणाऱ्यांच्या पत्रकांत अळंबीची भुकटी, अळंबीचा अर्क, अळंबीच्या तंतूंनीं व्यापलेलें धान्य अशा वस्तूंचीं नांवें दिसतात. यांनीं कोंबडी निरोगी होते, औषधांची गरज उरत नाहीं, असें त्यांत ठासून सांगितलेलें असतें. खोक्यामागें चार पैसे अधिक मोजणाऱ्या गृहिणीनें 'यांत तथ्य किती?' असें विचारलें, तर तो प्रश्न अगदीं रास्त आहे. तथ्य कांहीं आहे, पण पत्रकांत लिहिलें आहे तितकें नाहीं. तें कोठवर आहे, तेवढें सांगण्याचा प्रयत्न करतों.

योगायोग असा कीं या कथेचा आरंभहि एका अळंबीवाल्यापासूनच होतो. बेंजामिन डग्गर नांवाचे एक अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं अळंबीचें शुद्ध बीं प्रयोगशाळेंत तयार करण्यावर काम केलें आणि १९१५ सालीं अळंबीच्या लागवडीवर एक पुस्तकहि प्रसिद्ध केलें. विद्यापीठांतून निवृत्त झाल्यावर, सत्तरी ओलांडलेली असतां, ते लेडर्ली या औषधांच्या प्रयोगशाळेंत दाखल झाले आणि ठिकठिकाणांहून मातीचे नमुने मागवून त्यांतले सूक्ष्म जीव तपासूं लागले. मिसूरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न फील्ड या जुन्या प्रयोगशेतांतल्या मातींत त्यांना सोनेरी छटेचा एक जीव आढळला. त्यापासून 'ऑरिओमायसिन' हें प्रतिजैविक निघालें, आणि १९४८ सालीं तें जगापुढें आलें.

त्याच प्रयोगशाळेंत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे दोघे कोंबडीच्या पिलांवर पोषणाचे प्रयोग करीत होते. औषध काढून घेतल्यावर मागें राहणारा चोथा त्यांनीं पिलांच्या खाद्यांत मिसळून पाहिला, तों पिलें अपेक्षेपेक्षां पुष्कळच झपाट्यानें वाढलीं. चोथ्यांत बी-१२ हें जीवनसत्त्व होतें खरें, पण एवढी वाढ केवळ त्यानें समजण्याजोगी नव्हती. चोथ्यांत राहून गेलेल्या औषधाच्या लवलेशाचा तो प्रताप होता. १९५० सालीं ही बातमी जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत निरोगी कोंबडीलाहि रोज चिमूटभर औषध चारण्याची चाल देशोदेशीं पडली. रोगी माणसाला औषध मिळण्याची मारामार होती अशा दिवसांत कोंबड्या तें दाण्याबरोबर टिपूं लागल्या, असें म्हटलें तरी चालेल.

या चालीचा तोटा काय, तें आज शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक आहे. थोड्या औषधानें सगळे जंतु मरत नाहींत; जे चिवट असतात ते उरतात, आणि त्यांचीच प्रजा वाढते. इंग्लंडांत मायकेल स्वॅन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९६९ सालीं स्पष्ट बजावलें होतें कीं माणसाच्या उपचाराला लागणारीं प्रतिजैविकें जनावरांच्या वाढीसाठीं वापरूं नयेत. ऐकणारे थोडे निघाले. स्वीडननें १९८६ सालीं ही चाल बंद केली. डेन्मार्कची हकीकत अधिक बोलकी आहे. तेथें कोंबड्यांना 'ॲव्होपार्सिन' नांवाचें औषध चारीत. रुग्णालयांतून शेवटचें हत्यार म्हणून राखलेलें 'व्हँकोमायसिन' हें त्याचेंच भावंड. एकाला दाद न देणारा जंतु दुसऱ्यालाहि दाद देईना, तेव्हां १९९५ सालीं डेन्मार्कनें ॲव्होपार्सिनवर बंदी घातली. त्या वेळीं कोंबड्यांच्या आंतड्यांतून मिळविलेल्या एका जातीच्या जंतूंपैकीं शेंकडा सत्तरांहून अधिक जंतु या औषधाला जुमानीत नव्हते. २००० सालीं तें प्रमाण शेंकडा सहाच्या आसपास उतरलें. यूरोपीय संघानें १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठींचीं सर्वच प्रतिजैविकें बंद केलीं. आपल्याकडे केंद्र सरकारनें जुलै २०१९ मध्यें 'कोलिस्टिन' या औषधाची, खाण्यासाठीं पाळलेल्या पशुपक्ष्यांकरितां होणारी विक्री व वापर निषिद्ध ठरविला. हेंहि डॉक्टरांच्या भात्यांतल्या शेवटच्या बाणांपैकीं एक आहे.

आतां औषध काढून घेतलें तर त्याच्या जागीं काय घालावयाचें, हा कोंबडीवाल्यापुढचा प्रश्न. आणि अळंबी पुढें आली ती येथें. परंतु तत्पूर्वीं एक लहानशी शंका उपस्थित करणें जरूर आहे. मुळांत औषधानें पिलें वाढत होतीं तीं कां? इंग्लंडांत रेडिंगजवळच्या संशोधनसंस्थेंत मारी कोट्स व त्यांचे सहकारी यांनीं पूर्णपणें निर्जंतुक पेट्यांत पिलें वाढवून पाहिलीं. त्या पिलांना प्रतिजैविक देऊनहि कांहीं लाभ झाला नाहीं. नव्या, स्वच्छ खुराड्यांत लाभ थोडा, आणि वर्षानुवर्षें कोंबड्या नांदलेल्या जुन्या खुराड्यांत लाभ मोठा, असाहि अनुभव आला. म्हणजे औषध पिलाला वाढवीत नव्हतें, तर घाणीनें खुंटणारी वाढ मोकळी करीत होतें. डेन्मार्कमधील कोंबडीवाल्यांनीं १९९८ सालीं आपण होऊन उरलींसुरलीं औषधें बंद केलीं, तेव्हां त्यांचें फारसें नुकसान झालें नाहीं, याचें मर्म यांतच आहे. त्यांचीं खुराडीं मुळांत चांगलीं होतीं. अळंबीविषयीं पुढें जें सांगणार आहें तें ही गोष्ट ध्यानांत ठेवून ऐकावें.

अळंबी ही वनस्पति नव्हे. तिला हिरवा रंग नाहीं, ती उन्हापासून अन्न करीत नाहीं, आणि तिच्या पेशींची भिंतहि झाडासारखी नसते. त्या भिंतींत दोन पदार्थ मुख्य. एक कायटिन, म्हणजे किड्यांच्या आणि कोळंबीच्या कवचांत असतें तेंच. दुसरा बीटा-ग्लूकन नांवाचा पदार्थ. हा साखरेच्याच कणांची माळ आहे, पण ती गुंफण्याची तऱ्हा निराळी. पिठांतल्या माळेचे दुवे पोटांतले रस सहज तोडतात, बीटा-ग्लूकनचे तोडूं शकत नाहींत. म्हणून तें पचल्यावांचून पुढें सरकतें. प्राण्यांच्या शरीरांतल्या रक्षक पेशी अशा माळेला ओळखतात, कारण रोग आणणाऱ्या बुरशींच्या अंगावरहि तशीच माळ असते. पाहुणा निरुपद्रवी असला तरी त्याचा पोशाख चोराचा. त्यामुळें पहारेकरी सावध होतात. अळंबीनें 'प्रतिकारशक्ति वाढते' असें जें म्हणतात, त्याचा आधार हा आहे. पहारेकरी सावध होणें आणि चोर पकडला जाणें यांत अंतर असतें, एवढें मात्र विसरूं नये.

दुसरें कार्य आंतड्यांतच घडतें. कोंबडीच्या लहान व मोठ्या आंतड्यांच्या सांध्यापाशीं दोन आंधळ्या पिशव्या असतात. न पचलेला चोथा तेथें सांचतो आणि जंतु त्यावर आपली उपजीविका करतात. दह्याच्या विरजणांत असतात त्या जातीचे जंतु तेथें बळावले तर आम्लता वाढते, आणि उपद्रवी जंतूंना जागा अपुरी पडते. अळंबीचें न पचणारें द्रव्य हें त्या हितकर जंतूंचें खाद्य होतें, अशी दुसरी उपपत्ति आहे. मला स्वतःला पहिलीपेक्षां ही अधिक पटते, कारण प्रयोगांतून जें वारंवार दिसून आलें तें बव्हंशीं या पिशव्यांतच.

ते प्रयोग कोणते? नेदरलंडमधील वाखेनिंगेन विद्यापीठांत २००३ सालीं सादर झालेल्या एका प्रबंधांत शीटाके ही चीन-जपानकडची अळंबी, ट्रेमेला नांवाची फाळुद्यासारखी लिबलिबीत पांढरी बुरशी आणि ॲस्ट्रागॅलस ही चिनी वनौषधि, यांचे अर्क पिलांना चारून पाहिले होते. तिन्हींत शीटाके त्यांतल्या त्यांत सरस ठरली. आंतड्यांतल्या हितकर जंतूंची संख्या वाढली. रक्ती हगवणीच्या रोगजंतूंची बाधा करविलेल्या पिलांच्या रक्तांत प्रतिकाराचीं चिन्हें अधिक दिसलीं. परंतु वजनाच्या कांट्यावर या अर्कांनीं प्रतिजैविकाला मागें टाकलें नाहीं. ग्रीसमधील संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आपल्या बाजारांत मिळते ती पांढरी बटण अळंबी वाळवून, किलोभर खाद्यांत १० ग्रॅम आणि २० ग्रॅम अशा दोन प्रमाणांत मिसळली. हितकर जंतु वाढले, आणि २० ग्रॅमच्या गटांत वाढहि बरी झाली. अमेरिकेंत उत्तर कॅरोलायनामध्यें अळंबीऐवजीं तिच्या तंतूंनीं व्यापलेलें धान्यच खाद्यांत मिसळण्याचे प्रयोग झाले आहेत. याशिवायहि लहान-मोठे प्रयोग पुष्कळ आहेत. कोठें लाभ झाला, कोठें कांहींच झालें नाहीं. अळंबीची जात निराळी, तिचें प्रमाण निराळें, खुराडें निराळें. मग उत्तरें एक यावींत कशीं?

आतां २० ग्रॅमचा हिशेब घरच्या हिशेबाच्या वहीप्रमाणें मांडून पाहूं. मांसाची कोंबडी दोन किलोची होईतों सुमारें साडेतीन किलो खाद्य खाते. किलोस २० ग्रॅम म्हणजे ७० ग्रॅम वाळलेली अळंबी. ताज्या अळंबींत दहा भागांपैकीं नऊ भाग पाणी. तेव्हां ७० ग्रॅमसाठीं ताजी अळंबी लागली सातशें ग्रॅम. एका कोंबडीमागें पाऊण किलो बटण अळंबी! आपण भाजीला आणतों ती लहानशी थैली दोनशें ग्रॅमची असते आणि तिची किंमत काय असते, तें श्रोत्यांस सांगावयास नको. ज्या कोंबडीला असा आहार मिळेल ती खाणाऱ्यापेक्षां अधिक चैनींत राहिली असें म्हणावें लागेल. म्हणून खाण्याजोगी अळंबी कोंबडीला कोणी घालीत नाहीं. घालतात ते कापून टाकलेले देठ, विक्रीस न लागणारे तुकडे, किंवा धान्यावर वाढविलेले तंतु. टाकाऊ देठांचा असा उपयोग होत असेल तर तो चांगलाच आहे. हिमाचल प्रदेशांत सोलन येथें अळंबीच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, पुण्याच्या आसपासहि अळंबीचे कारखाने आहेत. देठांचा तुटवडा कोठेंच नाहीं.

धान्यावर वाढविलेल्या तंतूंच्या बाबतींत मात्र गिऱ्हाइकानें डोळे उघडे ठेवावेत. तंतु धान्यांत इतके मिसळलेले असतात कीं ते वेगळे काढतां येत नाहींत. धान्यासकट सर्व वाळवून दळतात. त्या पिठांत अळंबी किती आणि ज्वारी किंवा गहूं किती? पुडक्यावर 'बहुशर्करा शेंकडा इतकी' असें लिहिलेलें असतें. पण धान्यांतलें साधें पीठ हीहि बहुशर्कराच! ज्याचा उपयोग अपेक्षित आहे तें बीटा-ग्लूकन किती, तें निराळें लिहिलेलें असेल तरच त्या आंकड्याला अर्थ. शाळेंत आपण बटाट्यावर आयोडिनचा थेंब टाकून निळा रंग पाहिला होता. तोच प्रयोग या भुकटीवर करावा. शुद्ध बटण अळंबीची भुकटी तशी गर्द निळी होत नाहीं. झाली तर तींत पीठ आहे, आणि अळंबीच्या भावानें पीठ घेण्यांत हंशील नाहीं.

आणखी एक दावा वारंवार ऐकूं येतो. अळंबी उन्हांत वाळविली म्हणजे तींत 'ड' जीवनसत्त्व तयार होतें, त्यानें कोंबडीचीं हाडें आणि अंड्याचें कवच बळकट होतें, असें सांगतात. पहिला भाग अक्षरशः खरा आहे. अळंबींतल्या अर्गोस्टेरॉलवर ऊन पडलें कीं त्याचें ड-२ जीवनसत्त्व बनतें, आणि माणसाला तें चालतें. पण कोंबडीला हवें असतें ड-३. ड-२ चा तिला अगदीं थोडा, सुमारें दहावा हिस्साच उपयोग होतो. ही गोष्ट १९३० च्या सुमारासच उघडकीस आली होती. जें आपल्याला हितकर तें कोंबडीलाहि हितकर, असें समजून चालण्यांत केवढी चूक होते याचा हा नमुना आहे. उन्हांत हिंडणारी कोंबडी आपलें ड-३ आपणच करते.

रोगांच्या बाबतींतहि मर्यादा ओळखली पाहिजे. मानमोडी, म्हणजे ज्याला राणीखेत म्हणतात तो रोग, विषाणूचा आहे. त्याला प्रतिजैविक चालत नाहीं आणि अळंबीहि चालत नाहीं. तेथें लस हवी. गंबोरो नांवाच्या रोगांत तर पक्ष्याच्या शेपटाशीं असलेली एक लहानशी पिशवीच नष्ट होते. ही पिशवी सोळाव्या-सतराव्या शतकांतील इटालियन शरीरशास्त्रज्ञ फाब्रिशियस यांच्या नांवानें ओळखली जाते. तिचें काम काय, हें १९५६ पर्यंत कोणास माहीत नव्हतें. त्या वर्षीं अमेरिकेंत ब्रूस ग्लिक यांनीं दाखविलें कीं रोगाविरुद्ध लढणारीं प्रतिद्रव्यें कोंबडीच्या अंगांत तयार होण्यास ही पिशवी आवश्यक असते. लहानपणींच ती पिशवी गेली तर लसहि नीट लागत नाहीं. मग भुकटीनें कोणती प्रतिकारशक्ति वाढणार? पहारेकऱ्यांची शाळाच जळून गेल्यावर त्यांना सावध करणारा घंटानाद व्यर्थ आहे.

बुरशीचें नांव निघालें आहे तर तिच्या दुसऱ्या अंगाचाहि उल्लेख केला पाहिजे, कारण आपल्याकडे खरा धोका तेथें आहे. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधींत मरून पडले. रोग कोणता तें कळेना. शेवटीं शोध लागला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीचा. पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती आणि तिनें सोडलेलें विष, अफ्लाटॉक्सिन, पक्ष्यांचें यकृत पोखरीत होतें. भुईमुगाची पेंड आणि मका या दोन्ही वस्तु आपल्या कोंबड्यांच्या खाद्यांत येतात, आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा. ओल्या हवेंत साठविलेल्या मक्यांत हें विष डोळ्यांना दिसण्याइतकी बुरशी नसतांहि असूं शकतें. तें थोडें असलें तर कोंबडी मरत नाहीं. नुसती खंगते, अंडीं कमी घालते, आणि विशेष म्हणजे तिची प्रतिकारशक्तीच मंदावते. एका हातानें अळंबीची महागडी भुकटी घालावयाची आणि दुसऱ्या हातानें कोंदट कोठारांतला मका, हा प्रकार मीं पाहिलेला आहे. त्या गृहस्थांनीं भुकटीचे पैसे वांचवून कोठाराच्या छपराची गळती बंद केली असती, तर कोंबड्यांना अधिक गुण आला असता. दाणा शेंकडा बारा-तेरा ओलीपर्यंत वाळवून ठेवणें, पोत्यांखालीं फळ्या घालणें, जुनें आधीं संपविणें, हा त्यावरचा उपाय. विष आलेंच असेल तर बेंटोनाइट नांवाची चिकणमाती खाद्यांत घालतात. ती अफ्लाटॉक्सिनला पोटांतच धरून ठेवते.

आणि ज्या बुरशीनें कोंबडीपालनांत खरी क्रांति केली तिचें नांव अंड्याच्या खोक्यावर कोणी छापीत नाहीं. ती आहे काळी ॲस्परजिलस. धान्यांत फॉस्फरस पुष्कळ असतो, पण तो फायटिक आम्लाच्या कुलुपांत बंद; कोंबडीजवळ त्याची किल्ली नाहीं. त्यामुळें तो विष्ठेवाटे फुकट जातो, आणि खाद्यांत खनिज फॉस्फेट विकत आणून घालावें लागतें. या बुरशीपासून मिळविलेलें फायटेज हें पाचकद्रव्य १९९१ सालीं नेदरलंडमध्यें विक्रीस आलें, आणि आज तें कोंबडीच्या खाद्यांत जगभर घातलें जातें. त्याचा लाभ शंकास्पद नाहीं. हाडांतली राख मोजून तो दाखवितां येतो.

ज्यांच्या घरीं परसांत चार-दोन कोंबड्या आहेत अशा श्रोत्यांसाठीं दोन शब्द. बाजारच्या अळंबीचे किंवा धिंगरीचे धुतलेले, चिरून वाळविलेले देठ मूठभर भरड्यांत मिसळावयास हरकत नाहीं. अळंबी काढून झाल्यावर उरलेला पेंढा मात्र खाऊं घालूं नये. तो कोंबडीला पचत नाहीं आणि त्यावर भलत्या बुरशी लवकर चढतात. त्याची जागा झाडांच्या आळ्यांत. रानांतली, ओळख पटली नाहीं अशी छत्री कोंबडीपुढें टाकून 'खाते का' म्हणून पाहण्याची कांहीं लोकांना संवय असते. कोंबडीनें खाल्ली म्हणून ती आपल्याला निर्धोक ठरत नाहीं, आणि कांहीं विषारी अळंबींचा परिणाम दिसावयास अर्धा दिवसहि लागतो. खोक्यांवरच्या मजकुराबद्दल दुकानदाराला विचारावयाचें असेल तर कोंबड्यांना काय घातलें एवढेंच न विचारतां, त्यांना लस कोणत्या दिल्या आणि आजारी पडल्यास औषध दिल्यावर अंडीं किती दिवस विक्रीस काढीत नाहींत, हेंहि विचारावें. दुकानदारास तें ठाऊक नसलें तर खोक्यावर उत्पादकाचा पत्ता असतो. एक कार्ड टाकून पाहावें.